दोन गावांमधलं बिडाचं वजन

मी वीस किलोचं वजन बोलतोय. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. वर धरायला मूठ, पोटावर पांढरा आकडा. सध्या कोल्हापूरच्या कडेला, उचगावातल्या एका भट्टीच्या आवारात मोडलेल्या यंत्रमागांच्या ढिगावर पडून आहे. मी सांगेन ते तुम्ही लगेच खरं माना, असा माझा आग्रह नाही. वजनावर पटकन विश्वास ठेवायची माणसाला सवय नसते. मलाही माणसावर ठेवायची सवय नाही.

देवळात गेलेला माणूस देवाचा चेहरा बघतो. माझ्याकडे आलेला माणूस आधी माझं बूड बघतो. तिथं एक खळगा असतो. त्यात शिसं भरलेलं असतं आणि शिशावर सरकारी शिक्का असतो. तो दिसला तरी माणसाचं समाधान होत नाही. घेणाऱ्याला वाटतं मी हलका आहे, देणाऱ्याला वाटतं मी जड आहे. अशा दोघांच्या मधे बसून मी सगळं आयुष्य काढलं. त्यामुळं माझाही स्वभाव जरा तसाच झाला. कुणी गोड बोललं की मला आधी त्याचं बूड बघावंसं वाटतं.

माझा जन्म ह्याच आवारातला. गणपतराव तेव्हा तरुण होते. भट्टी त्यांचीच, पण वाळूत बसून साचे भरायचे तेही त्यांनीच. एका पेटीत दोन साचे केले आणि एकाच पळीतला रस दोन्हीत ओतला. एकातून मी निघालो, दुसऱ्यातून माझा भाऊ. तो रस कशाचा होता म्हणाल, तर फुटलेली इंजिनं, पंपांची टोपणं आणि मागांची झिजलेली चाकं. ती चाकं इचलकरंजीहून आलेली. म्हणजे जन्मायच्या आधीच मी एकदा त्या गावाला जाऊन आलो होतो.

मला न्यायला आले ते लालासाब मोमीन. इचलकरंजीत सुताचं नवं दुकान टाकत होते. ते सकाळपासून साच्याशेजारी उभे राहिले, बसायला सांगितलं तरी बसेनात.

"पावणं, चहा तरी घ्या की," गणपतराव म्हणाले.

"चहा नंतर. आधी शिसं भरताना बघू दे."

"शिसं काय मी खाणार हाय व्हय?"

"तुमचं कोल्हापूरचं काय सांगावं. तांबड्या रश्शात घालून खाल की."

गणपतराव मोठ्यानं हसले. लालासाब हसले नाहीत. शिसं भरून झाल्यावर त्यांनी आम्हा दोघा भावांना तराजूच्या दोन पारड्यांत ठेवायला लावलं. काटा मधोमध राहिला. मग पारडी बदलायला लावली. तरी मधोमध. मगच त्यांनी चहा घेतला, तोही गणपतरावांनी आधी एक घोट घेतल्यावर. माझा भाऊ भट्टीवरच मोड, म्हणजे भंगार लोखंड, तोलायला राहिला. मला पोत्यात गुंडाळून लालासाबांनी एसटीत पायाशी ठेवलं.

मी एका गावात जन्मलो आणि दुसऱ्यात जगलो, म्हणून दोन्हींबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे.

कोल्हापूरला आच असते आणि वाळू असते. माणसाच्या कानात, नखांत, भाकरीत काळी वाळू. इचलकरंजीला आवाज असतो आणि कापूस असतो. खटक खटक खटक, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पापण्यांवर पांढरे तंतू, म्हणून तिथली तरुण माणसंही म्हातारी दिसतात. एका गावाला महाराजांचं संस्थान होतं, दुसऱ्याला जहागीर. दोन्हीकडच्या जुन्या कारभाऱ्यांना एक गोष्ट कळली होती, की नुसत्या शेतीवर सगळ्यांची पोटं भरणार नाहीत, हाताला कसब पाहिजे. मग एकानं लोखंड धरलं, दुसऱ्यानं सूत. कोल्हापूरनं चाकं ओतायची, इचलकरंजीनं ती फिरवायची. माग बंद पडला की मोडकं चाक पोत्यात बांधून माणूस कोल्हापूरची गाडी धरायचा. आणि त्या भट्टीवर त्याला नवं चाक देणाऱ्याच्या अंगात जो सदरा असायचा, त्याचं कापड बहुतेक इचलकरंजीचंच असायचं.

इतकं एकमेकांवाचून अडलेलं असूनही दोघांचं एकमेकांवर कधी मन बसलं नाही. इचलकरंजीवाला म्हणायचा, कोल्हापूरवाले बिडात माती मिसळतात. कोल्हापूरवाला म्हणायचा, इचलकरंजीचं कापड दोन धुण्यांत जाळी होतं. दोघंही माल घ्यायचे मात्र तिथूनच.

पाण्याचंही तेच. नदी एकच, पंचगंगा. कोल्हापूर वर, इचलकरंजी खाली. एकदा गणपतराव जुन्या चाकांचा सौदा करायला दुकानात आले होते. लालासाब नुकतेच लालबीला, म्हणजे आपल्या बायकोला, रंकाळा दाखवून आणलेले. गणपतरावांनी विचारलं, "कसं काय वाटलं आमचं तळं?"

"झक्कास हाय. भेळ खाल्ली, वारा खाल्ला," लालासाब म्हणाले. "तुमच्याकडं तळं हाय, आमच्याकडं तुमचं सांडपाणी हाय."

"आणि तुमचा कापडाचा रंग कुठं जातोय? खाली शिरोळकडं जाऊन इचारा की."

"आधी वरचा धुणार, मग खालचा."

"खालचा काय गप बसून पितोय व्हय?"

दोघांचे आवाज इतके चढले की रस्त्यावरची माणसं थांबली. मग लालबीनं आतून चहा पाठवला. गणपतरावांनी कपाकडं बघितलं, पाण्याचा विचार केला असावा, आणि तरी प्यायले. मी तेव्हा तराजूखाली बसून दोघांकडं बघत होतो. मला वाटलं, हे दोघे एकमेकांना फसवत नाहीत हे दोघांनाही माहीत आहे. मग हा संशय कशासाठी? पुढं पुढं मला वाटायला लागलं, संशय हीच त्यांची ओळख ठेवायची रीत आहे. तो संपला तर कदाचित बोलायलाच काही उरायचं नाही.

लालासाबांच्या दुकानात पैसा फार आला नाही. पण एक गोष्ट त्यांनी मिळवली, आणि ती माझ्यामुळं मिळाली असं मी समजत होतो. गल्लीत कुणाच्या मालावरून वाद झाला, की म्हातारी माणसं म्हणायची, "भांडू नका. लालासाबच्या वजनावर टाका." दुसऱ्या दुकानात घेतलेलं सूत लोक आमच्याकडं आणून तोलायचे. लालासाब त्याचं काही घेत नसत. फक्त काटा थांबला की मान वर करून म्हणायचे, "बघा बाबा. मी न्हाय सांगत, हा सांगतोय." आणि माझ्याकडं बोट करायचे. त्या वेळी त्यांच्या आवाजात जे असायचं, त्याला मी गर्व म्हणणार नाही. गरीब माणसाला एखादी गोष्ट पुरती आपली वाटते, तसं काहीतरी होतं ते.

पुढं त्यांचा मुलगा वसीम विजेवरचा काटा घेऊन आला. लाल आकडे, बारीक आवाज. वजनमापांचे साहेब त्याला तपासून शिक्का मारून जाऊ लागले. माझ्याकडं त्यांनी बघायचं सोडलं. सुताचा व्यवहार नव्या काट्यावर गेला.

माझ्याकडं उरला तो गुंता. मागावर तुटलेल्या, गुरफटलेल्या सुताचा जो कचरा निघतो, त्याला आमच्याकडं गुंता म्हणतात. बनाबाई आणि तिच्यासारख्या बायका कारखान्या-कारखान्यांतून तो गोळा करायच्या आणि लालासाबांना विकायच्या. त्यांना लाल आकडे नको होते.

"तो काटा लायटीवर चालतोय," बनाबाई म्हणायची. "लाईट कुणाच्या हातात हाय, आमाला काय ठावं? ह्या पारड्याचं बरं. वर गेलं, खाली गेलं, डोळ्याला दिसतंय."

म्हणून मी टिकलो. पण तसा पेन्शनीतच निघालो होतो, आणि हे लालबीच्या मनाला लागलं.

आमच्या गल्लीत खंडेनवमीला सगळे माग थांबतात. वर्षभर खटखटणारी गल्ली त्या दिवशी इतकी शांत होते की एखाद्याला दडपण यावं. माग धुतात, पुसतात, रंगवतात, हार घालतात. लालबीच्या घरी पूजा नव्हती, पण शेजारची सगळी यंत्रं नटलेली असताना आपलं वजन तेवढं कळकट बसलंय, हे तिला बघवत नसे. नवा काटा आला त्या वर्षी तिनं मला अंगणात ओढत नेलं, राखेनं घासलं आणि काळा तेलरंग लावला. वर पांढऱ्यानं आकडा काढला.

लालासाब म्हणाले, "आधीचा रंग खरवड तरी."

"खरवडू कशाला? लागंल की त्याला."

"लोखंडाला लागतंय व्हय?"

"तुमाला काय कळतंय? नवीन काटा आला म्हणून रुसलंय ते."

तेव्हापासून दर वर्षी एक हात. एका वर्षी काळा रंग संपला तर उरसात दर्ग्याच्या जाळीला लावून उरलेला हिरवा लावला. दुसऱ्या दिवशी लालासाब ओरडले, मग त्यावर परत काळा. बूड सुद्धा ती सोडत नसे. शिक्क्यावरून, शिशावरून, सगळीकडून ब्रश फिरवायची. रंग वाळेपर्यंत माझ्याशेजारी बसून राहायची, कोंबडी अंगावर चढू नये म्हणून. माझ्या सगळ्या संशयी आयुष्यात माझं बूड न बघता मला हात लावणारं ते एकच माणूस.

आता मुद्द्याचं सांगतो.

दुकानाच्या मागं लालासाबांच्या वडिलांचे जुने माग होते. अलीकडं त्यांना कामच मिळेना. नव्या, धोट्याशिवाय चालणाऱ्या मागांपुढं ते म्हाताऱ्या बैलासारखे झाले होते. शेवटी लालासाबांनी ते मोडीत द्यायचं ठरवलं. घ्यायला आला गणपतरावांचा मुलगा विजयसिंह. आता भट्टी तोच बघतो. टेंपो आणला, माणसं आणली, स्वतःचा विजेवरचा काटा आणला.

एका मागाचे तुकडे तोलून त्यानं आकडा सांगितला. लालासाबांनी तेच तुकडे उचलायला लावले आणि वसीमचा विजेवरचा काटा सोडून आपल्या तराजूत, माझ्यासमोर, थोडे थोडे करून परत तोलले. माझ्या हिशोबानं ते कमी भरले.

लालासाबांच्या कपाळाला आठी पडली. "तुझा काटा जास्त सांगतोय."

विजयसिंहला हसू आलं. "चाचा, मी घेणारा हाय. मी जास्त सांगतोय, त्यात तुमचाच फायदा. आणि तुमी भांडताय व्हय?"

"म्हणूनच विचारतोय. घेणारा जास्त का सांगंल? ह्यात कायतरी हाय."

"काय असणार?"

"ते तुलाच ठाऊक. कोल्हापूरवाला उगंच जास्त देत न्हाय."

माणसं गोळा झाली. बनाबाईही गुंत्याचं पोतं घेऊन आली होती, ती पोत्यावरच बसली. तरुण पोराला इतक्या लोकांत चोर म्हटल्यासारखं झालं. त्याचा तोल गेला. "माझा काटा खरा हाय. तुमचं वजन खोटं हाय!"

लालासाबांचा हात माझ्या मुठीवर होता. त्यांची दुकानातली सगळी वर्षं त्या एका वाक्यावर टांगली गेली होती.

"तुझ्या बापाला बोलव," ते म्हणाले. "ह्याचा भाऊ घेऊन यायला सांग."

एवढं सांगितलं आणि ते आत जाऊन बसले. मी मात्र बाहेर लोकांच्या नजरेत राहिलो. तुम्हाला एक सांगतो. वजन सगळ्यांना तोलतं, पण स्वतःला तोलू शकत नाही. मी सगळ्यांवर संशय घेतला होता, तो त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडं वळला.

दुसऱ्या दिवशी गणपतराव आले. काठी टेकत, धापा टाकत. मागून माझ्या भावाला उचलून आणलं. मी त्याला ओळखलं नाही. गंजलेला, कडा झिजलेल्या, अंगभर वाळूचे ओरखडे. बुडाचा शिक्का मात्र ताजा होता. भट्टीवर मोड घ्यायला अजून तोच वापरतात, म्हणून साहेब त्याला वेळच्या वेळी तपासतात, लागलं तर शिसं घालतात.

तरी लालासाबांनी त्याला उलटं करून पाहिलंच. "तिकडं काय काय केलंय ह्याला कुणास ठाऊक."

"लालासाब," गणपतराव म्हणाले, "आता ह्या वयात मी शिसं चोरून कुठं ठेवू? कवळीत?"

आम्हाला पारड्यांत ठेवलं. मी खाली गेलो.

लालासाबांनी पारडी बदलली. मी परत खाली गेलो.

मला वाटलं होतं गणपतराव हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी खिशातली किल्ली काढली, माझ्या बुडाला टोचली आणि ओढली. एक जाड पापुद्रा निघाला. काळा, त्याखाली काळा, त्याखाली हिरवा, परत काळा. कांदा सोलावा तसे थरावर थर. त्यांनी तो तळहातावर घेतला आणि लालासाबांपुढं धरला.

दारातून लालबी म्हणाली, "ते मी लावलंय."

तिचा आवाज इतका बारीक होता की पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग ती रडायला लागली. "मला काय ठावं रंगाला वजन असतंय म्हणून."

लालासाब बनाबाईकडं वळले. मी जड, म्हणजे गुंता विकणाऱ्या प्रत्येक बाईनं इतकी वर्षं थोडा थोडा जास्तीचा माल फुकट दिला होता. हे तिथं सगळ्यांनाच उमगलं.

"बनाबाई," ते म्हणाले, "तुझं नुकसान केलं मी. नकळत, पण केलं."

बनाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मला ठावं हुतं की."

"काय ठावं हुतं?"

"वजन जड हाय म्हणून. हातानं पोतं उचलतोय आमी, कळत न्हाय व्हय? म्हणून मी गुंता भिजवून आणायची."

"भिजवून?"

"जास्त न्हाय. निस्तं पाणी शिपडायची."

"म्हणून तुझा माल कुजायचा! आणि मी वसीमला शिव्या घालायचो, गळकं छप्पर नीट कर म्हणून!"

गल्ली हसली. विजयसिंहही हसला. लालासाब हसले नाहीत. ते पायरीवर बसले. "म्हणजे माझ्यावर तुझा कधी विश्वासच नव्हता."

"हुता की, लालाभाई," बनाबाई म्हणाली. "दुसऱ्या दुकानात ह्याच्या दुप्पट भिजवून न्यायची."

ह्याला काय म्हणावं, मला कळत नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की माझ्यामुळं तिथं खरेपणा आहे. खरं तर मी जड होतो, गुंता ओला होता, आणि त्या दोन्हींच्या मधे कुठंतरी माणसं एकमेकांना सांभाळून घेत होती. दोन गावांचंही असंच काही असेल का, असं मला तेव्हा वाटून गेलं. खात्रीनं सांगत नाही.

लालासाब उठले. "विजय, तुझ्या काट्यावर घे सगळं. तुला वंगाळ बोललो, मनात ठेवू नको."

मागांचे तुकडे तोलून टेंपोत गेले. शेवटी मी उरलो. गणपतराव म्हणाले, "ह्याला भट्टीवर नेतो, रंग काढतो, शिक्का मारून देतो. पुन्हा खरं हुईल."

लालबी मान खाली घालून उभी होती. लालासाबांनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "खरवडू नका. तिनं इतक्या जपून लावलाय. आणि खरवडला तरी गल्ली आता ह्याला मानायची न्हाय. मागांबरोबर जाऊ दे."

विजयसिंहनं मला उचललं आणि सवयीनं काट्याकडं वळला. लालासाबांनी त्याचा हात धरला.

"त्याला तोलू नको."

"मग हिशोबाला कसं..."

"हिशोबात न्हाय. असंच ने."

विजयसिंहनं वडिलांकडं बघितलं. लालासाबांकडून न तोलता काही घ्यायची गणपतरावांना सवय नव्हती. मग ते म्हणाले, "ठेव टेंपोत. हळू ठेव."

पंचगंगेच्या पुलावरून येताना मी विचार करत होतो, ह्यात लालासाबांचा काय डाव असेल. माझा स्वभावच तसा. अजून मला तो सापडलेला नाही.

आता दसरा झाला की ह्या ढिगाची पाळी आहे, असं विजयसिंह माणसांना सांगत होता. भाऊ तिकडं तराजूखाली असतो. आमचं बोलणं होत नाही. भट्टीत जायची मला भीती नाही, तिथूनच तर आलोय. माझं कशात रूपांतर होईल, पंप की चाक, त्याचीही फार चिंता नाही.

एवढीच विनंती आहे. मी भट्टीत पडेन तेव्हा धूर नेहमीपेक्षा काळा निघेल, वासही उग्र येईल. उचगावातली माणसं खिडक्या लावून घेतील, हे भट्टीवाले आता काय जाळायला लागलेत म्हणून शिव्या घालतील. वारा पश्चिमेचा असला तर इचलकरंजीलाही लोक नाक वर करून म्हणतील, आलं बघा कोल्हापूरचं. त्या दिवशी तेवढा संशय घेऊ नका. ती लबाडी नाही. तो लालबीचा रंग आहे.